सारख्या वजनाची दोघं

“तावडे मॅडम, एकदाच विचारतो. आकडा बरोबर आहे ना?”

फोनवर डॉक्टर मगदूम होते. मिरजेत लहान मुलांचे डॉक्टर म्हणून त्यांचं नाव मोठं. आमच्या प्रयोगशाळेसमोरचा रस्ता ओलांडला की त्यांचं हॉस्पिटल.

“दोनदा लावून पाहिला नमुना,” मी म्हणाले. “दोन्ही वेळा तेवढाच आला.”

“बरं. म्हणजे आता वर जाऊन एका बाळंतिणीला सांगायचं, की बाई, तुझं दूध तुझ्याच पोराला विष आहे, पाजू नकोस. चला की तुम्हीपण. नुसते आकडे पाठवायला तुमचं काय जातंय?”

मी गेले नाही. कशाला जाऊ? माझा संबंध माणसांशी नव्हताच. बाळाच्या टाचेला टोचून रक्ताचे चार थेंब जाड कागदावर वाळवतात, तो कागद माझ्याकडे येतो. मी त्यातली एक टिकली कापते, विरघळवते, यंत्रात घालते आणि आकडा लिहून पाठवते. या कागदाचं बाळ मुलगा होता, पाच दिवसांचा. आईचं नाव सारिका साळुंखे, गाव विट्याकडचं. मला माहिती एवढीच, आणि एवढीच पुरेशी आहे असं मी तेव्हा मानत असे.

आता त्या यंत्राचं थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मास स्पेक्ट्रोमीटर त्याचं नाव. नाव ऐकून लोकांना वाटतं काय अवकाशयान असेल. दिसायला आडवा पाडलेला फ्रीज, आणि काम फक्त वजन करायचं. थेंबभर द्रव आत सोडला की ते त्यातल्या रेणूंना विजेनं भारतं, हवा काढून घेतलेल्या पोकळीतून पळवतं आणि कोण किती जड ते सांगतं. आमच्या मालकांनी, म्हणजे आवटी अण्णांनी, ते आणलं होतं द्राक्षांसाठी. तासगाव-मिरजेची द्राक्षं परदेशी जायची तर फवारणीचं औषध किती उरलंय याचा दाखला लागतो. पण हंगाम संपला की यंत्र बसून खातं. म्हणून अण्णांनी मगदूमांशी बोलून नवजात बाळांची तपासणी सुरू केली. द्राक्षं आणि बाळं, दोन्ही एकाच काट्यावर. मला आधी हसूच आलं होतं.

हे काम मी शिकले पुण्यात, रेगे मॅडमकडे. बाई महाखवट. कितीतरी महिने मला त्यांनी एकही नमुना दिला नाही, नुसतं शुद्ध पाणी घालायला लावलं. पाण्यात काय दिसणार, असं मी मनात म्हणायची. आणि दिसायचं ते ढीगभर. मी हाताला लावलेलं क्रीम, माझ्या डब्याचं प्लास्टिक. प्रथिनांचा नमुना म्हणून कोरं पाणी लावलं तर त्यात केराटिन, म्हणजे माझ्याच कातडीचं आणि केसांचं प्रथिन. “बघा तावडे,” त्या म्हणायच्या, “पाण्यात तुम्हीच पोहताय. आधी स्वतःला बाजूला काढायला शिका, मग जगाचं वजन करा. आणि एक ध्यानात ठेवा. हा काटा आहे. काटा वजन सांगतो, माणूस ओळखत नाही. बाजारात साठ किलोची शंभर माणसं फिरतात.”

स्वतःला बाजूला काढायला मात्र मी झकास शिकले. इतकी, की मिरजेत येऊन मला बरीच वर्षं झाली तरी कुणी ‘तावडे बाई घरी आहेत का’ म्हणून दारावर थाप मारली नव्हती. मूळची मी देवगडची. आई गेल्यावर तिथं भावाचा संसार राहिला. त्याचा फोन गणपतीला यायचा आणि दिवाळीला. मिरजेत सतारमेकर गल्लीच्या तोंडाशी माझी खोली होती. खाली कारागीर तंबोऱ्याची एकच तार तासन् तास जुळवत बसलेला असायचा. लोकांना ते ऐकून बरं वाटतं म्हणे. मला रविवारी दुपारी ती तार ऐकून रडू यायचं. सरळच सांगते, मला फार एकटं वाटायचं. लग्न जमलं नाही त्याचं दुःख कधीच मावळलं होतं. दुःख होतं ते दिवसाकाठी एकही माणूस अंगाला हात लावत नाही याचं. असलं कुणाला सांगणार? लोक भलताच अर्थ काढतात.

असो. सारिकाच्या मुलाचं सांगत होते.

आकडा होता पाच कार्बनांच्या एका पदार्थाचा. तो रक्तात असा साठला, तर एका रोगाचा संशय घ्यायचा असतो. त्या रोगात दुधातल्या प्रथिनाचा एक भाग बाळाला पचत नाही. त्याचं आम्ल होतं, ते अंगात तुंबतं, आणि बाळ सुस्तावत, ओकत, दोन-चार दिवसांत हातचं जातं. वेळेवर कळलं तर वाचतं, पण आईचं दूध बेतानं, खास पावडर आणि जन्मभराचं पथ्य. मगदूमांनी दूध थांबवलं, हाताला सलाईन लावलं, मुंबईला पावडर सांगितली आणि दोन दिवसांनी दुसरा कागद माझ्याकडे पाठवला.

आकडा धाडकन खाली आला होता. मगदूम स्वतः आले प्रयोगशाळेत, खुर्ची ओढून बसले.

“झालं की नाही? दूध तोडलं, आकडा उतरला. आता आणखी काय पुरावा पाहिजे? शिवाय लग्न नात्यातलं. सासू म्हणजे तिची सख्खी आत्या. म्हातारीलाही तिच्या आत्याच्याच घरी दिलेली. पिढ्यान् पिढ्या हेच.”

“घरात आधी कुणी तान्हं मूल दगावलंय का?”

“विचारलं. सासू म्हणाली नाही. काही औषधं, मलमं? सून म्हणाली नाही. मी सगळं विचारतो, मॅडम. मी काय काल डॉक्टर झालो?”

“तसं नाही हो,” मी म्हणाले, “पण फारच उतरलाय.”

“उतरला तर वाईट वाटतंय तुम्हाला?”

त्यांना हसू आलं आणि ते गेले. माझ्या डोक्यातून मात्र जाईना. रोग अंगात असला तर दूध तोडल्यावर आकडा कमी होईल, कबूल. पण शरीर स्वतःचंही मांस मोडतच असतं, त्यातून ते आम्ल होतच राहतं. एवढं झटक्यात कसं निस्तरलं? आणि तसं नसेल, तर त्या पोराला जन्मभर त्याच्या नसलेल्या रोगाचं पथ्य, आणि आईचं दूध आटणार ते कायमचं. मुंबईला लघवी पाठवली होती, पण तिचं उत्तर यायला आठवडा तरी जाणार. तोवर काय राहणार त्या बाईच्या छातीत?

पुस्तकात लिहिलंय, या रोगात बाळाच्या अंगाला घामेजल्या पायमोज्यांसारखा वास येतो. म्हटलं, जाऊन वास तरी घ्यावा. आता बघा, एम.एस्सी. झालेली बाई, कोटभराचं यंत्र दिमतीला, आणि निघाली नाकानं तपासायला. रेगे मॅडमनी पाहिलं असतं तर चपलेनं मारलं असतं.

वरच्या मजल्यावर कोपऱ्यातली खोली. सारिका खाटेवर बसली होती, वीस-बावीसची पोरगी, डोळे रडून सुजलेले. हातात स्टीलचं भांडं. दूध काढत होती. बाळ शेजारी, हाताच्या सुईला छोटी फळी बांधलेली. खाली चटईवर सासू, शेवंताबाई. सगळे तिला आक्का म्हणत. काटक म्हातारी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू.

“ह्या कोन?” आक्कानं विचारलं.

“समोरच्या प्रयोगशाळेतली. रक्त मीच तपासलं.”

“आगं बया. म्हंजे दूध तुमी तोडलंसा व्हय.”

तेवढ्यात सारिका म्हणाली, “आत्या, त्यांना कशाला बोलता? त्यांनी काय केलंय?” आणि माझ्याकडं वळून, “बसा, मॅडम.”

“बाळाला घेऊ का जरा?”

तिनं भांडं बाजूला ठेवून बाळ माझ्या हातात दिलं. केवढंसं ते, गरम, मान माझ्या कोपराच्या घडीत टेकवून. मी त्याच्या टाळूला नाक लावलं. दुपट्याला लावलं. पायमोजे नाहीत, घाम नाही, तान्ह्या बाळाचा येतो तोच वास. कुणाला एवढं जवळ घेऊन मला किती वर्षं झाली होती कोण जाणे. कामाचं विसरून मी तशीच बसले. मग भानावर येऊन म्हणाले, “याच्या अंगाला कधी वेगळा वास येतो का? म्हणजे कपडे बदलताना, लघवीला? घामट पायमोज्यासारखा?”

“नाही बाई,” सारिका म्हणाली.

आक्का एकदम उठली. खाटेवरचं भांडं उचललं आणि म्हणाली, “मी दूध ओतून येती. मोरीत टाकायचं नसतंय ते, पायदळी येतंय. लिंबाच्या बुडात वतायचं, मुंग्या नसतील तितं. मुंग्या लागल्या की दूध आटतंय.” आणि पदर सावरत बाहेर गेली. मला वाटलं, माझ्यावर राग आहे, बोलून दाखवत नाही.

बाळ परत द्यायला मी वाकले, आणि तेव्हा आला वास. बाळाला नव्हे, आईला. गोडसर, भारी साबणाच्या दुकानात शिरल्यावर येतो तसा. विट्याच्या बाळंतिणीच्या अंगाला शेक, शेपा, वेखंडाचा वास यायचा, तिथं हा कुठला? पाण्यात हाताचं क्रीम शोधण्यात माझं अर्धं आयुष्य गेलेलं. माझ्या नाकाला ते लगेच लागलं.

“सारिका, छातीला काय लावतेस?”

ती दाराकडं बघायला लागली.

“काही नाही.”

“मी डॉक्टर नाही आणि तुझी आत्याही नाही. सांग.”

उशीच्या अभ्र्यात हात घालून तिनं एक ट्यूब काढली. पांढरी, परदेशी, अर्धी संपलेली. “चिरा पडल्यात हो. रक्त येतं. आत्या म्हणतात लोणी लाव. लोण्यानं काय होतंय? ह्यांना फोनवर सांगितलं, तर त्यांनी दुबईहून माणसाबरोबर पाठवली. तिकडं गलाईच्या कामाला आहेत ते, सोनं गाळायच्या.”

“मग डॉक्टरांनी विचारलं तेव्हा नाही का म्हणालीस?”

“आत्या शेजारी उभ्या होत्या.” तिचा आवाज बारीक झाला. “मागच्या सुट्टीहून परत गेल्यापासून आईला एक लुगडं धाडलं नाही पोरानं, आणि बायकोला छातीला लावायचं मलम धाडतोय. कसं सांगू मी त्यांच्यादेखत? लाज नाही का वाटत? आणि मलमाचं ते काय एवढं. पाजायच्या आधी पुसून घेत होते मी.”

ट्यूबच्या मागं मुंगीएवढ्या अक्षरात काय काय घातलंय ते छापलं होतं. मी चष्मा वर सरकवून खिडकीशी गेले. तिसऱ्या ओळीत ‘नियोपेंटॅनोएट’ असा शब्द होता. मी त्यावर बोट ठेवून तो पुन्हा वाचला.

कारण असं. मलमातला तो पदार्थ पोटात गेला की शरीर त्याचे तुकडे करतं, आणि एक तुकडा उरतो तो पाच कार्बनांचा. शरीर त्याला बाहेर घालवायला ज्या वाहकाला जोडतं, त्याच वाहकाला रोगातलं आम्लही जोडलेलं असतं. दोघांचं वजन एकच, रतीभरही फरक नाही. माझा काटा दोघांना एकच म्हणणार. म्हणजे रोग नसेलच कदाचित. आईनं मलम लावलं, बाळानं चाटलं, आणि मी आकडा लिहून मोकळी झाले. दूध तोडलं, मलम तोंडात जायचं थांबलं, आकडा उतरला.

‘कदाचित’वर दूध सुरू करता येत नाही. नेमकं कोण आहे ते दाखवायला हवं होतं.

“हे आता लावू नकोस,” ट्यूब माझ्याकडं ठेवत मी म्हणाले. “आणि दूध काढत राहा. दर दोन-तीन तासांनी. आटू देऊ नकोस.”

“आत्यांना सांगणार?”

“नाही.”

दोघांना वेगळं करायचा उपाय माझ्याकडं होता, तोही द्राक्षांचा. द्राक्षांच्या तपासणीत नमुना सरळ यंत्रात जात नाही, आधी एका बारीक कणांनी ठासून भरलेल्या नळीतून जातो. सारख्या वजनाची दोन माणसं भरगच्च आठवडी बाजारातून पाठवली, तर बारीक अंगाचा लवकर बाहेर पडतो आणि पसरट अंगाचा मागं अडकतो, तसं. बाळांचे नमुने पुष्कळ असतात, घाई असते, म्हणून त्यांना आम्ही नळीशिवाय सोडत होतो. आता या बाळाला नळीतून सोडायचं होतं. पण हंगाम ऐन भरातला. यंत्रापुढं द्राक्षांच्या नमुन्यांची रांग लागलेली, आणि मी ती अर्ध्यावर थांबवली. अण्णा धावत आले.

“मॅडम, काय चालवलंय? बंदरावर कंटेनर उभाय. दाखला नसला तर लोक मला फाडून खातील.”

“द्राक्षं शीतगृहात आहेत, अण्णा. उद्यापर्यंत काही होत नाही त्यांना.”

“अहो, एका पोरासाठी सगळी रांग?”

“ते पोर शीतगृहात नाही.”

अण्णा माझ्याकडं बघतच राहिले. मी आजवर त्यांच्यापुढं ‘हो’शिवाय दुसरं काही बोललेच नव्हते. “करा काय करायचं ते,” म्हणाले आणि दार आपटून गेले.

पहिल्या कागदावर रक्ताचा थेंब अजून शिल्लक होता. टिकली कापली, विरघळवली, आणि नेहमीप्रमाणे त्यात खुणेचा पदार्थ घातला. हा म्हणजे रोगातलाच पदार्थ, फक्त मुद्दाम थोडा जड बनवलेला, ओळखू यावा म्हणून. तो नळीतून ज्या वेळेला बाहेर येईल त्याच वेळेला बाळाचा आला, तर रोग. नाहीतर नाही. घाईत टिकली दोनदा खाली पडली. बटण दाबलं आणि स्टुलावर बसले.

पडद्यावर आधी नुसती सपाट रेघ. मग बाळाची रेघ उठली, उंच, टोकदार. खुणेची अजून सपाटच. बाळाची रेघ खाली आली, जमिनीला टेकली, आणि त्यानंतर कुठं खुणेची उठली. तिच्याखाली, जिथं रोग असला तर बाळाची रेघ असायला हवी होती, तिथं काही नाही. मी परत लावलं. पुन्हा तेच.

रोग नव्हता.

मी मोठ्यानं “नाहीये” असं म्हणाले. ऐकायला यंत्राचा पंप होता आणि द्राक्षांच्या बरण्या होत्या. एवढी आनंदाची गोष्ट हातात, आणि वळून सांगावी तर शेजारी माणूस नाही. इतका एकटेपणा मला आधी कधीच जाणवला नव्हता. मग कागद आणि ट्यूब उचलली आणि पायात चपला न घालताच रस्ता ओलांडला.

मगदूम माणूस सरळ. दोन रेघांकडं बराच वेळ बघितलं, ट्यूबवरचा शब्द वाचला, आणि कपाळावर हात मारून घेतला. “मुंबईचा रिपोर्ट येऊ दे, तोवर लक्ष ठेवूया,” म्हणाले, “पण दूध आत्ताच्या आत्ता सुरू. उशीर कशाला?”

“मलमाचं तिला एकटीला सांगा. सासूसमोर नको.”

“का?”

“सासूसमोर नको, एवढंच.”

त्यांनी वर जाऊन सांगितलं की तपासणीत दुसरंच काहीतरी मिसळलं होतं, रोग नाही, पाजा खुशाल. मी मागून जाऊन दारात उभी राहिले. सारिकानं बाळाला छातीशी धरलं. ते आधी रडलं, तोंड फिरवलं, मग चाचपडत लागलं एकदाचं. ती रडत होती, हसत होती. “लागलं दूध, मॅडम,” मला म्हणाली. मी मान हलवली.

आक्का खोलीत नव्हती. डॉक्टरांचं ऐकून ती तशीच जिना उतरून गेली, असं सारिका म्हणाली. मला नवल वाटलं. नातवाचा जीव परत मिळाला आणि म्हातारी पेढे सांगायचं सोडून गेली कुठं?

हॉस्पिटलच्या मागच्या अंगणात, कडुलिंबाच्या पारावर बसली होती. मला बघून सरकली.

“बसा जरा, बाई.”

मी बसले.

“तुमी तवा वासाचं इचारलंसा.”

“हो.”

“पायमोज्याचा म्हनालासा.”

“हो. या रोगात येतो तसा. पण बाळाला रोग नाही, आक्का. आता काळजी—”

“माज्या थोरल्याला येत हुता,” ती म्हणाली. “आन त्येच्या पाठच्या पोरीला.”

मी तिच्याकडं वळून बसले.

“दोनी बारशाआदीच गेली. ह्यो दुबईतला तिसरा. डॉक्टरनं इचारलं तवा न्हाई म्हनाले मी. तान्ह्या लेकराच्या खाटंपाशी मेल्याल्या पोरांचं बोलत्यात व्हय? आन सारिकाला कायबी ठावं न्हाई. तिच्या जन्माआदीचं हाय ते.” ती लिंबाच्या बुडाकडं बघत होती. “सासू म्हनायची, तुजं दूध नासकं. घान वास मारतोय पोराला. अंग धू, पदर धू. बाळंतीन असून दिसातनं चार-चारदा थंड पान्यानं धुयाची मी. पोर पिईना झालं. मग मी जबरीनं पाजायची. नाक दाबून तोंड उगडायची आन पाजायची. प्यालं तर जगंल म्हनून.”

आतून कुणाचं तरी बाळ रडल्याचा आवाज आला, मग थांबला.

“एक इचारती. खरं सांगायचं. त्या रोगात आईचं दूध चालत न्हाई म्हनूनच ह्येचं तोडलं हुतंसा न्हवं?”

“हो.”

“म्हंजे मी पाजत हुते, तेनं.”

नमुना नव्हता, रक्त नव्हतं, चाळीस वर्षांमागची गोष्ट. ‘काही सांगता येत नाही’ असं म्हणायला मला शास्त्राचा पूर्ण आधार होता. पण तो वास मनानं रचून सांगता येत नाही, आणि तिनं खरं सांगा म्हटलं होतं.

“कुणाचंही दूध पाजलं असतं तरी तेच झालं असतं,” मी म्हणाले. “गाईचं, शेजारणीचं, कुणाचंही. तुमचं दूध नासकं नव्हतं, आक्का. चांगलं होतं. वास दुधाचा नव्हता, रोगाचा होता. तेव्हा हे ओळखणारा कुणी डॉक्टर इकडं नव्हता.”

“पन पाजलं मीच.”

तिचा हात पारावर होता, त्यावर मी माझा हात ठेवला. तिनं काढून घेतला नाही.

मग मी म्हणाले, “हे सारिकाला कधीतरी सांगावं लागेल. नात्यातलं लग्न आहे. पुढच्या मुलाला असू शकतो रोग. जन्मल्याबरोबर तपासलं तर वाचेल.”

“सांगीन. पुडच्या टायमाला मीच सांगीन. आज न्हाई. आज पाजू द्या तिला.”

“बरं.”

मी उठायला लागले तर तिनं मनगट धरलं.

“त्या रोगाला काय म्हनत्यात?”

“इंग्रजी नाव आहे, आक्का. अवघड.”

“आसू दे. बारसं झालं न्हवतं माज्या पोरांचं. ती गेल्यावर हाक मारून रडायलाबी कायबी न्हवतं माज्याजवळ. कशानं गेली तेवढं तरी नाव असू दे. सांगा.”

“आयसोव्हॅलेरिक ॲसिडेमिया.”

तिनं ओठ हलवले. पहिल्याच अक्षरांना अडखळली.

“सावकाश सांगा,” ती म्हणाली. “तोडून तोडून.”

मी पुन्हा पारावर बसले आणि एकेक अक्षर सांगू लागले. ती माझ्यामागून म्हणत होती, चुकत होती, परत सांगा म्हणत होती.